अर्थ लावण्याचा हक्क कोणाचा? : पंडिता रमाबाई, चर्च आणि आपण

१

भिवंडीतल्या ज्या महाविद्यालयात मी मराठी शिकवते, तिथे पंडिता रमाबाईंचा विषय निघाला की दरवर्षी एक अडचण येते. मुलांना रमाबाई ठाऊक असतात त्या विधवांसाठी संस्था काढणाऱ्या समाजसुधारक म्हणून. त्या ख्रिस्ती झाल्या हेही ठाऊक असते. पण ख्रिस्ती झाल्यावर त्या चर्चशीच भांडल्या, असे सांगितले की वर्ग गोंधळतो. मागच्या वर्षी एका मुलाने उभे राहून सरळ विचारले, "मॅडम, भांडायचंच होतं तर धर्म बदलला कशाला?" मुलगा आमच्याच वस्तीतला. बाप लूमवर, आई कांड्या भरते. मला त्याला चटकन उत्तर देता आले नाही. "पुढच्या तासाला बोलू," म्हणून मी सुटका करून घेतली.

घरी आल्यावर लक्षात आले की हा प्रश्न एकट्या रमाबाईंबद्दलचा नाही. १९५६ नंतरचा आपला सर्वांचा तो प्रश्न आहे. एक धर्म त्याच्या पुरोहितांसकट नाकारून माणूस दुसऱ्या धर्मात जातो, तेव्हा तिथले अधिकारी सांगतील ते मानणे त्याच्यावर बंधनकारक होते काय? की जी बुद्धी वापरून त्याने जुना धर्म सोडला, तीच बुद्धी पुढेही वापरण्याचा हक्क त्याच्याजवळ राहतो? ख्रिस्ती धर्मात हा झगडा फार जुना आहे. सोळाव्या शतकात युरोपातले चर्च दुभंगले त्याच्या मुळाशी हाच वाद होता. परंतु मराठी माणसाला त्यासाठी युरोपात जाण्याची गरज नाही. आपल्याच भाषेतल्या एका बाईने तो झगडा १८८३ ते १८८६ या वर्षांत केला, आणि त्याचा पुरावा पत्रांच्या रूपाने छापून उपलब्ध आहे.

ही पत्रे इंग्रजीत आहेत. वाँटिज येथील सेंट मेरी द व्हर्जिन या अँग्लिकन भगिनीसंघाच्या सिस्टर जेराल्डिन यांनी ती जमा केली, आपल्या टिपणांसह जुळवली. पुढे अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने ती १९७७ मध्ये प्रसिद्ध केली. चार दशकांहून अधिक काळ हे पुस्तक आपल्यासमोर आहे. स्त्रीवादी अभ्यासकांनी ते वाचले, चर्चच्या इतिहासकारांनी वाचले. आपण मात्र ते आपले म्हणून फारसे वाचलेले नाही. 'उच्चवर्णीय विधवांची कैवारी' एवढी नोंद करून आपण रमाबाईंना बाजूला ठेवले. त्या नोंदीत तथ्य आहे, आणि त्याबद्दल मी पुढे बोलणारच आहे. पण तेवढ्यावर थांबलो तर आपलेच नुकसान होते असे मला वाटते.

२

रमाबाईंचा पिंड वादात घडलेला होता. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी आपल्या बायकोला संस्कृत शिकवले म्हणून त्यांना पंडितांच्या सभेपुढे उत्तर द्यावे लागले होते. मुलगी आईकडून संस्कृत शिकली, भागवत मुखोद्गत करून गावोगाव पुराण सांगत हिंडली. दुष्काळात आईबाप गेले. १८७८ मध्ये कलकत्त्याच्या पंडितांनी तिला 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हटले. तिथेच बायकांपुढे व्याख्याने देण्यासाठी तिने धर्मशास्त्रे नीट वाचली. एरवी कशावरही एकमत नसलेले हे ग्रंथ एका बाबतीत मात्र एकमुखी आहेत, असे तिला आढळले. स्त्री, मग ती वरच्या जातीची असो की खालच्या, स्वभावतःच वाईट आहे, आणि पुरुषासारखा मोक्ष तिला नाही. शूद्राची वाटही हे ग्रंथ तशीच अडवतात, हेही तिला दिसले. १८८० मध्ये तिने बिपिनबिहारी मेधावी या शूद्र गणल्या गेलेल्या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने लग्न केले. दोन वर्षांत ते वारले. पदरात मनोरमा नावाची तान्ही मुलगी.

१८८३ मध्ये रमाबाई इंग्लंडला गेल्या आणि त्याच वर्षी २९ सप्टेंबरला वाँटिज येथे त्यांनी मुलीसह बाप्तिस्मा घेतला. पुण्यात गहजब झाला. त्या गहजबात रमाबाईंच्या बाजूने लेखणी उचलणारा माणूस होता महात्मा जोतीराव फुले. १८८५ मध्ये 'सत्सार' काढून त्यांनी रमाबाईंवर तुटून पडलेल्यांचा समाचार घेतला. ब्राह्मणी शास्त्रे वाचलेली बाईच ती शास्त्रे सोडून जाते, याचा अर्थ जोतीरावांना लगेच कळला होता. हे आपण विसरता कामा नये.

बाप्तिस्म्यानंतर मात्र खरी कथा सुरू होते. वाँटिजच्या भगिनींना वाटले होते, एक विद्वान हिंदू स्त्री पदरात पडली; आता ती शिकेल, मानेल आणि हिंदुस्थानात परत जाऊन त्यांचे काम करील. रमाबाई शिकल्या, पण मानले नाही. त्यांनी बायबल स्वतः वाचायला घेतले आणि चर्च जे शिकवते ते त्यात कुठे आहे, असे विचारू लागल्या. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा हे तीन असून एकच, हा त्रैक्याचा सिद्धान्त त्यांना पटेना. येशूचे ईश्वरत्व चर्च ज्या रीतीने सांगते ती रीत पटेना. अथानेशियसच्या नावाने ओळखला जाणारा जो जुना विश्वासनामा अँग्लिकन चर्चमध्ये म्हटला जाई, त्यात हा सिद्धान्त न मानणाऱ्याचा नाश होईल असे बजावले आहे. ते मानायला रमाबाईंनी साफ नकार दिला. आणि मनोरमेलाही, आपला स्वतःचा विश्वास नाही असे काही शिकवू नये, अशी अट घातली.

मे १८८५ मधल्या एका पत्रात त्यांनी आपली भूमिका स्वच्छ मांडली आहे. तिचा आशय असा : हिंदुस्थानातल्या पुरोहितवर्गाचे जू मी मोठ्या कष्टाने मानेवरून उतरवले आहे, आता दुसऱ्या पुरोहितांचे म्हणणे हीच देवाची आज्ञा असे समजून तसलेच दुसरे जू मी मानेवर घेणार नाही. माझ्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे उत्तर इथे आहे. धर्म बदलला म्हणूनच भांडण आले. भांडायचे नसते तर धर्म बदलण्याचे कारणच नव्हते.

३

सिस्टर जेराल्डिन यांची बाजूही ऐकली पाहिजे. रमाबाई त्यांना पत्रात 'आजीबाई' म्हणत, आणि ते नुसते लाडाचे नाव नव्हते. मनोरमेला या बाईंनी जीव लावला होता. त्यांचा युक्तिवादही पोकळ नव्हता. प्रत्येकाने आपापल्या बुद्धीने ग्रंथाचा अर्थ लावायचा ठरवला तर माणसागणिक एक धर्म होईल; अनेक पिढ्यांच्या साधनेतून जे हाती आले ते एका नव्या माणसाने दोन वर्षांच्या वाचनावर मोडीत काढू नये; श्रद्धा ही समाजाने मिळून जतन करायची गोष्ट आहे. हे म्हणणे सहज झटकून टाकता येणारे नाही. संघटनेत काम केलेल्या कोणत्याही कार्यकर्त्याला त्यातले वजन कळेल. आपल्या चळवळीत 'माझा बाबासाहेब वेगळा' म्हणणाऱ्यांनी किती गट पाडले, ते आपण पाहिलेलेच आहे.

परंतु युक्तिवाद संपतो तिथे सिस्टर जेराल्डिन दुसरे हत्यार काढतात, आणि तिथे अधिकाराचे खरे रूप दिसते. त्या म्हणतात, रमाबाई, तुझ्या शंका बुद्धीच्या नाहीत, गर्वाच्या आहेत. रमाबाई मांस खात नाहीत, अंडे घातलेले गोड पदार्थ खात नाहीत. त्यातही त्यांना गर्व दिसतो, जातीचा अवशेष दिसतो. रमाबाईंनी त्याला उपरोधाने उत्तर दिले आहे. माझ्या खाण्यापिण्यात, वेशात खुशाल गर्व शोधा, पण म्हणून मी माझ्या लोकांच्या सवयी सोडणार नाही, असा त्याचा रोख आहे.

या आरोपाकडे आपण दोन्ही बाजूंनी पाहिले पाहिजे. जातीचा अवशेष हा शब्द ऐकून आपले कान टवकारतात, आणि टवकारले पाहिजेत. ब्राह्मण घरातून आलेल्या माणसाचे न खाणे हे नुसत्या आवडीनिवडीचे नसते. त्या न खाण्यामागे हजारो वर्षांचा सोवळेपणा असतो. सिस्टर जेराल्डिन यांचे बोट योग्य जागी पडले असण्याची शक्यता मी नाकारत नाही. पण त्यांचा हेतू जात मोडण्याचा नव्हता. त्यांना रमाबाईंची मान लववायची होती. प्रश्नाचे उत्तर देता येत नाही तेव्हा प्रश्न विचारणाऱ्याच्या स्वभावाकडे बोट दाखवायचे, ही सत्तेची जगभरची रीत आहे. गोऱ्या माणसाने काळ्याला गर्विष्ठ म्हणायचे, सवर्णाने दलिताला 'माजलेला' म्हणायचे, पुरुषाने बाईला 'शेफारलेली' म्हणायचे. शब्द बदलतात, काम तेच असते.

रमाबाई चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात डोरोथिया बील यांच्या हाताखाली शिकत होत्या. तिथे त्यांनी हिंदुस्थानात जाणाऱ्या इंग्रज तरुणांना शिकवावे अशी कल्पना निघाली, तेव्हा मुंबई आणि लाहोरच्या बिशपांनी हरकत घेतली. बाईने पुरुषांना शिकवले तर हिंदुस्थानात तिची पत जाईल, असे कारण पुढे आले. पुरुषांच्या भरसभेत शास्त्रार्थ केलेल्या बाईला हे ऐकावे लागले! रमाबाईंचा संताप पत्रात दिसतो. आपल्या वागण्याचा निवाडा आपल्या पाठीमागे बिशपांनी का करावा, हा त्यांचा सवाल आहे. मला या प्रकरणात मनूचे भूत बिशपच्या झग्यात उभे असलेले दिसते. चर्चने मनू वाचला नव्हता; पण हिंदुस्थानात राज्य आणि मिशन चालवायचे तर इथल्या वरच्या जातींच्या रीतीला धक्का लावायचा नाही, हे त्याला चांगले ठाऊक होते.

४

आता मी त्या पत्रव्यवहारातल्या एका छोट्या गोष्टीकडे येते. सगळ्या वादापेक्षा ती मला महत्त्वाची वाटते. वाँटिजला गळ्यात घालायच्या क्रूसावर लॅटिन अक्षरे होती. रमाबाई म्हणाल्या, मला लॅटिन येत नाही. मला कळत नाही ते मी अंगावर वागवणार नाही. माझ्या क्रूसावर संस्कृत अक्षरे कोरा. लॅटिन संस्कृतपेक्षा अधिक पवित्र कशी, असे त्यांनी विचारले. आणि संस्कृत ही देवांची भाषा म्हणून नव्हे, तर आपल्या देशाची जुनी, सुंदर भाषा म्हणून आपल्याला हवी, असा खुलासाही केला.

स्त्रीवादी आणि राष्ट्रवादी अभ्यासक या ठिकाणी आनंदित होतात. गुलाम देशातली बाई साम्राज्याच्या चर्चला आपल्या भाषेचा मान राखायला सांगते आहे, हे खरेच आहे. पण मी हे पहिल्यांदा वाचले तेव्हा माझ्या मनात आले, बाई, संस्कृत तुमच्या देशाची भाषा असेल, पण माझ्या आजीची ती कधी होती? ज्या भाषेचे अक्षर कानावर पडले तर शूद्राच्या कानात शिसे ओतावे असे लिहून ठेवले गेले, ती सुंदर असली तरी आमच्या गळ्यात शोभणारी नव्हे. लॅटिनला उत्तर म्हणून संस्कृत आणणे म्हणजे एका पुरोहिताच्या जागी दुसरा पुरोहित आणण्यासारखेच झाले. रमाबाईंचा स्वतःचा अर्थ लावण्याचा हक्क त्या काळात खरा होता, धाडसी होता, पण तो एकटीचा होता. संस्कृत येणाऱ्या, इंग्रजी शिकलेल्या, वादात तयार झालेल्या एका विदुषीचा तो हक्क होता. ज्याला अक्षरच येत नाही त्याला या हक्काचा काय उपयोग?

१८८९ मध्ये मुंबईत उघडलेले शारदासदन मुख्यतः वरच्या जातींच्या विधवांसाठी होते. १८८७ च्या त्यांच्या इंग्रजी पुस्तकाच्या नावातच उच्चवर्णीय हिंदू स्त्री आहे. तिथेही त्यांनी एका बाबतीत माघार घेतली नाही. मुलींवर ख्रिस्ती धर्म लादायचा नाही, पण आपण प्रार्थना करीत असताना दार लावूनही घ्यायचे नाही. मुली येऊन बसू लागल्या तेव्हा १८९३ मध्ये रानडे-भांडारकरांसारखे सल्लागार संस्थेतून बाहेर पडले. म्हणजे चर्चला त्या पुरेशा ख्रिस्ती वाटत नव्हत्या आणि सुधारकांना फार ख्रिस्ती वाटत होत्या.

पुढे १८९६-९७ आणि १९०० च्या दुष्काळांनी परिस्थिती बदलली. केडगावच्या मुक्तिसदनात मध्य प्रांतातून, गुजरातेतून शेकडो बायका-मुली आल्या. भुकेने आणलेल्या, अनेक जातींच्या. आता समोर शास्त्रार्थ करणाऱ्या विधवा नव्हत्या. अक्षर न पाहिलेल्या पोरी होत्या. आणि याच काळात रमाबाईंनी आयुष्यातले शेवटचे मोठे काम हाती घेतले. त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, आणि संपूर्ण बायबल मूळ भाषांतून मराठीत आणायला बसल्या. आधीचे मराठी बायबल होतेच. पण त्याची भाषा संस्कृताने जडावलेली, सामान्य बाईला न कळणारी, आणि जुन्या धर्मकल्पना शब्दांतून आत आणणारी आहे, असे त्यांचे मत होते. त्यांना साध्या बाईला समजेल असे मराठी हवे होते. खिळे जुळवणे, छापणे ही कामे मुक्तीतल्या बायकांनीच केली. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या, त्याच्या थोडेच आधी काम पुरे झाले होते. ग्रंथ १९२४ मध्ये बाहेर पडला.

ज्या बाईने तारुण्यात क्रूसावर संस्कृत मागितली, तिनेच म्हातारपणी संस्कृत शब्द वेचून काढून बाजूला टाकले. हा प्रवास माझ्या मते रमाबाईंच्या चरित्राचा गाभा आहे, आणि पत्रांतल्या वादाचे खरे उत्तरही. सिस्टर जेराल्डिन यांना त्यांनी १८८५ मध्ये सांगितले होते की माझा अर्थ मी लावीन. मुक्तीच्या छापखान्यात, खिळे जुळवणाऱ्या बाईच्या हातात त्यांनी ग्रंथच ठेवला. अर्थ लावण्याचा हक्क एकटीचा राहिला तर तो विद्वानाचा मिरवण्याचा दागिना होतो. तो दुसऱ्याच्या हाती जावा यासाठी भाषा उतरवावी लागते, अक्षर शिकवावे लागते, छापखाना चालवावा लागतो.

इथे रमाबाईंची मर्यादाही सांगितली पाहिजे. उत्तरायुष्यात त्या ग्रंथापुढे पूर्णपणे नमल्या. चर्चच्या माणसांचा अधिकार त्यांनी नाकारला तो नाकारलाच, पण ग्रंथाच्या शब्दाचा अधिकार त्यांनी निरपवाद मानला. १९०५ नंतर मुक्तीत प्रार्थनेची जी लाट आली तिच्यात मुलींनी देवाचा धावा केला, अश्रू ढाळले. पण रमाबाईंनी वाँटिजला जसे प्रश्न विचारले तसे प्रश्न मुक्तीतल्या एखाद्या पोरीने रमाबाईंना विचारले असते तर त्यांनी काय केले असते? जिच्या अन्नावर आपण जगतो तिला प्रश्न विचारणे सोपे नसते. रमाबाईंना हे स्वतःच्या अनुभवाने ठाऊक होते. वाँटिजला त्या भगिनींच्या आश्रयानेच राहत होत्या. 'आमचे खाऊन आम्हालाच उलटून बोलतेस' हा भाव त्या पत्रांच्या ओळींमागे सतत आहे.

५

अर्थ लावण्याच्या हक्काचे नाते भाकरीशी आहे, हा मुद्दा मराठी ख्रिस्ती इतिहासात दुसऱ्या एका माणसाने कृतीने मांडला. नारायण वामन टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले आणि अमेरिकन मराठी मिशनमध्ये अनेक वर्षे राबले. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली. 'देवाचा दरबार' काढला, आणि त्यात बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले दोघांनाही जागा ठेवली. मिशनऱ्याने मालक म्हणून नव्हे, सेवक म्हणून राहावे हे त्यांचे सांगणे होते. पगार घेत असताना ते सांगून झाले होते. परिणाम झाला नव्हता. दोन वर्षांत टिळक वारले आणि दरबार फारसा वाढला नाही. पण त्यांनी काय ओळखले होते ते स्पष्ट आहे. हुंडी ज्याच्या हातात, अर्थ त्याचा.

रमाबाई आणि टिळक, दोघेही ब्राह्मण घरातून आलेले. नगर जिल्ह्यात आणि मराठवाड्यात जे महार, मांग मोठ्या संख्येने ख्रिस्ती झाले, त्यांच्यापाशी या दोघांची विद्वत्ता नव्हती. त्यांना शाळा मिळाली, दवाखाना मिळाला. ही लहान गोष्ट नव्हे. पण अर्थ? बाबासाहेबांनी धर्मांतरितांच्या स्थितीवर जे लेखन केले, त्यात त्यांनी मिशनऱ्यांना अचूक ठिकाणी पकडले आहे. अस्पृश्याला शिकवण मिळाली ती अशी की माणसाचे पतन त्याच्या पापामुळे झाले. भोवतालच्या अन्यायी समाजाकडे बोट दाखवायला त्याला कोणी शिकवले नाही. म्हणून तो ख्रिस्ती झाल्यावर प्रार्थना करू लागला, पण जातीविरुद्ध उभा राहिला नाही. आणि चर्चमध्येही जात बसूनच राहिली. ग्रंथ तोच, पण त्याचा अर्थ ज्याच्या हातात होता त्याला जात मोडायची घाई नव्हती.

तो अर्थ दलित ख्रिस्ती माणसाने स्वतःच्या हातात घ्यायला १९८० चे दशक उजाडले. १९८१ मध्ये बंगळूरच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजात अरविंद निर्मळ यांनी दिलेल्या व्याख्यानापासून दलित ईश्वरशास्त्राची सुरुवात मानली जाते. जुन्या करारातल्या अनुवादाच्या पुस्तकात गुलामीतून सुटलेले लोक 'आमचा बाप भटक्या होता' अशी कबुली देऊन देवापुढे उभे राहतात. निर्मळांनी तो उतारा घेऊन सांगितले की आमची कबुली तिथून सुरू होते, आमच्या बापाच्या अपमानापासून. येशू स्वतः दलित होता, असे ते म्हणाले. यातला प्रत्येक शब्द मला मान्य आहे असे नाही. मी ईश्वर मानत नाही. पण कोणाला विचारून हा अर्थ लावला, असे जर एखादा बिशप निर्मळांना विचारील, तर मी निर्मळांच्या बाजूला उभी राहीन.

६

हे सारे दुसऱ्यांच्या घरचे झाले. आता आपल्या घरचे सांगते.

मी बी.ए.ला असताना एका वर्षावासात आमच्या वस्तीतल्या विहारात 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' वाचायचे काम माझ्याकडे आले होते. वाचता येणारी घरातली पहिली मीच. आईला सही करता येते, वाचता येत नाही. दिवसभर कांड्या भरून ती संध्याकाळी येऊन पहिल्या रांगेत बसे. महाप्रजापती गौतमीच्या दीक्षेचा भाग वाचून झाला तेव्हा ती मध्येच बोलली, "बाईला संघात घ्यायला आठ अटी कशाला? गड्यांना किती होत्या?" सभा क्षणभर गप्प झाली. मग एक वडीलधारे कार्यकर्ते म्हणाले, "ताई, लिहिलंय ते ऐकायचं. लेक चार बुकं शिकली म्हणून आपण शहाणपण करू नये." आई "बरं, दादा," म्हणून खाली मान घालून बसली. मी पुढचे पान उलटले आणि वाचत राहिले. मी काही बोलले नाही याची मला आजही लाज वाटते.

सिस्टर जेराल्डिन यांचा गर्वाचा आरोप मी पुढे कित्येक वर्षांनी वाचला, तेव्हा हे 'शहाणपण' मला आठवले. माझ्या आईला बायबलही ठाऊक नव्हते आणि रमाबाईही. तिने फक्त ऐकले आणि ऐकलेल्याचा आपल्या जगण्याशी मेळ घालून पाहिला. अर्थ लावणे याहून वेगळे ते काय असते?

आणि ते कोणत्या ग्रंथापुढे घडले? बाबासाहेबांनी त्या ग्रंथाच्या आरंभीच प्रश्न मांडले आहेत. सिद्धार्थाने घर का सोडले याची परंपरेने सांगितलेली हकीकत पटण्यासारखी आहे काय? चार आर्यसत्ये मूळची की नंतरच्या भिक्खूंनी घातलेली? आत्मा नाही तर कर्म आणि पुनर्जन्म कशाचा? भिक्खू कशासाठी? जे बुद्धिसंगत नाही, माणसाच्या कल्याणाचे नाही, ते बुद्धाचे असू शकत नाही, अशी कसोटी त्यांनी दिली. १९५७ मध्ये ग्रंथ आल्यावर परंपरेच्या रक्षकांनी नाके मुरडली. हा बुद्धाचा नव्हे, आंबेडकरांचा धम्म आहे, असा सूर निघाला. म्हणजे बाबासाहेबांवरचा आरोपही तोच होता, की तू आपल्या मनाचा अर्थ लावलास. केसपुत्तच्या कालामांना बुद्धाने जे सांगितले ते आम्ही भाषणात रोज सांगतो : ग्रंथात आहे म्हणून, गुरू सांगतो म्हणून मानू नका. मग विहारात एका कांडीवालीने विचारले तर 'लिहिलंय ते ऐकायचं' हे आमच्या तोंडी कुठून आले?

ते आले त्याच जागेवरून, जिथून वाँटिजला आले. धर्म नाकारणे एकदाच करायचे असते असे आपण समजतो. पुरोहितशाही मात्र एका धर्मात राहत नाही. ती जिथे जिथे एक जण अर्थ सांगणारा आणि बाकीचे ऐकणारे असतात तिथे तयार होते. जोतीरावांनी हे ओळखले होते. १८९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तका'त त्यांनी एकाच घरातल्या माणसांनी आपापल्या बुद्धीने वेगवेगळे धर्म स्वीकारून प्रेमाने राहावे अशी कल्पना केली आहे. तिथे घरच्या कर्त्यालाही दुसऱ्यासाठी अर्थ लावण्याचा मक्ता नाही.

आजीबाईंचा आक्षेप मात्र अजून उरतो : मग माणसागणिक धर्म होणार नाही का? माझे उत्तर असे की प्रश्नांनी संघ फुटत नाही. प्रश्न दाबले की माणसे उठून जातात, आणि बाहेर जाऊन वेगळी चूल मांडतात. रमाबाईंना वाँटिजने प्रश्न विचारू दिले असते तर त्या गेल्याच नसत्या, असे मी म्हणत नाही. पण त्या गेल्या, आणि सिस्टर जेराल्डिन यांच्या हाती पत्रांचा गठ्ठा राहिला.

त्या विद्यार्थ्याला मी पुढच्या तासाला हे सगळे सांगितले नाही. पत्रांतला तो जुवाचा भाग मराठीत करून वाचून दाखवला, आणि मग आईची गोष्ट सांगितली. तास संपल्यावर तो म्हणाला, "मॅडम, मग तुमच्या आईला उत्तर मिळालं का?" मिळाले नव्हते. त्या संध्याकाळी घरी गेल्यावर मी आईजवळ बसले आणि तो भाग पुन्हा वाचला. आठ अटींवर विद्वानांनी काय वाद घातले आहेत ते जमेल तसे सांगितले. तिने सगळे ऐकून घेतले आणि म्हणाली, "मला अजून नाही पटलं." मी पुस्तक मिटले नाही, आम्ही पुढे बोलत राहिलो.

आपल्या विहारांच्या समित्यांपुढे माझी एक लहानशी मागणी आहे. येत्या वर्षावासात रोजचे वाचन संपले की अर्धा तास प्रश्नांसाठी ठेवावा. उत्तर येत नसेल तर येत नाही असे सांगावे. आणि पहिला प्रश्न वाचता न येणाऱ्या बाईला विचारू द्यावा.